चौकोनावर गोल

नमस्कार श्रोतेहो.

गोव्यातल्या मुलांना 'घुमट' म्हटलं की आधी मडकं आठवतं. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आरतीला शामेळ हे तालवाद्य आणि कांसाळी म्हणजे झांजा यांच्या जोडीने वाजतं ते. मातीचं, पोटाशी फुगीर. एका बाजूचं तोंड रुंद, त्यावर चामडं ताणून बसवलेलं. दुसऱ्या बाजूचं तोंड निमुळतं आणि उघडं. पूर्वी चामडं घोरपडीचं असायचं, आता बकऱ्याचं असतं. एका हाताने चामड्यावर वाजवायचं आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने मागचं तोंड झाकत-उघडत आवाज घुमवायचा. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. आमच्या घरी तो आधीपासूनच होता. चवथीचे पाचही दिवस माझ्या वडिलांच्या मांडीवरून घुमट खाली उतरत नसे.

फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत मी बरीच वर्षं चित्रकला शिकवली. सातवीच्या वर्गाला एकदा म्हटलं, येत्या शनिवारी जुन्या गोव्याला जाऊ, तिथल्या चर्चचा घुमट बघू आणि तिथेच बसून काढू. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, चर्चमध्ये घुमट कोण वाजवतं?"

प्रश्न चांगला होता. तो घुमट आणि ते घुमट, एक पुल्लिंगी, एक नपुंसकलिंगी, एवढाच काय तो फरक. आत पोकळी, भोवती पातळ कवच आणि पोकळीत घुमणारा आवाज हे दोन्हींकडे सारखंच. मी त्या मुलाला म्हटलं, तिथे गेल्यावर तूच मला सांग. आणि त्या दिवसापासून माझ्या मनात जे सुरू झालं, त्याबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे.

जुन्या गोव्यात जाणाऱ्या माणसाला वाटतं, इतकी चर्चं आहेत तर घुमट ठायी ठायी दिसतील. तसं नाही. बॉम जेझूच्या बासिलिकेला घुमट नाही. १५९४ ते १६०५ या काळात बांधलेली ती वास्तू लांबट आहे आणि तिच्यावर उतरतं छप्पर आहे. समोरच्या से कॅथेड्रलला घुमट नाही. तिथे आहेत त्या लांबच लांब कमानदार छतं आणि उरलेला एक मनोरा. दुसरा १७७६ साली कोसळला. शेजारच्या असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चलाही नाही. आज जुन्या गोव्यात घुमटाचं म्हणून उभं असलेलं चर्च एकच, सेंट कॅजेटनचं. आणि सहलीच्या बसगाड्या नेमक्या तिथे थांबत नाहीत. एकदा आमच्याच बसबरोबर आलेल्या वाटाड्याने मला सांगितलं, "तिथं बघण्यासारखं काही नाही, मुलांना उगाच चालवू नका." मी मुलांना चालवलं. पाच-सात मिनिटांची तर वाट.

से कॅथेड्रलच्या पलीकडून मांडवीकडे, वाइसरॉयच्या कमानीकडे रस्ता उतरतो. त्या रस्त्याच्या कडेला हे चर्च आहे. पांढरंशुभ्र, समोर बाग. बागेच्या टोकाशी उभं राहिलात तर दोन बुटक्या चौकोनी मनोऱ्यांच्या मधून घुमट डोकावतो. पायऱ्यांकडे चालत गेलात की तो हळूहळू दर्शनी भिंतीआड बुडत जातो आणि अखेर नाहीसा होतो. मुलांना हा खेळ फार आवडला. चार पावलं पुढे, चार पावलं मागे, आता दिसतो, आता नाही.

आत जाण्याआधी मात्र मी त्यांना डावी-उजवीकडे बघायला लावलं. चर्चच्या आवारातच एक एकाकी दरवाजा उभा आहे. भिंत नाही, छप्पर नाही, नुसती काळ्या दगडाची कोरीव चौकट. आदिलशहाच्या वाड्याचं हे उरलेलं दार. १५१० साली आल्फोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतला, त्याआधी हे शहर आदिलशाहीचं होतं. पुढे त्याच वाड्यात पोर्तुगीज गव्हर्नर आणि वाइसरॉय राहिले, सतराव्या शतकाच्या अखेरपर्यंत. मग वाडा पडका झाला आणि एकोणिसाव्या शतकात पाडला गेला. दार तेवढं राहिलं. त्या चौकटीवरचं कोरीव काम बघितलं की देवळाच्या गाभाऱ्याचा दरवाजा आठवतो. आदिलशाहीच्याही आधीच्या, कदंबांच्या काळच्या हातांची ती सवय आहे. मी मुलांना त्या दारापाशी उभं करून सगळं सांगितलं. १५४० पासून तिसवाडीतली देवळं मोडली गेली, त्यानंतर साष्टीतली. मंगेश कुठ्ठाळीहून आणि शांतादुर्गा केळोशीहून नदीपार, आपल्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, कशा आल्या, तेही सांगितलं. त्यातल्या निम्म्या मुलांची कुळं त्याच वाटेने आली होती. ते दुःख न सांगता त्यांना आत नेणं मला खोटं वाटलं असतं.

आता घुमटाकडे येते.

जाण्याच्या आदल्या दिवशी वर्गात मी एक खोकं आणि एक करवंटी घेऊन गेले होते. खोकं वरून उघडं, चौकोनी. त्यावर करवंटी पालथी घातली. म्हटलं, ही खोली आणि हा घुमट. काय अडचण आहे सांगा. मुलांना लगेच दिसलं, चारही कोपरे उघडे राहिले. खोली चौकोनी, घुमट गोल. भिंतींच्या मध्यावर करवंटी टेकते, कोपऱ्यांत तिला खाली काही नाही. खरी करवंटी एकसंध असते म्हणून निभावते. घुमट हजारो चिऱ्याविटांच्या तुकड्यांचा असतो. कोपऱ्यांत आधार नसेल तर तो खाली येईल. मग कोपरे भरायचे कसे?

ज्याने घुमट कोण वाजवतं म्हणून विचारलं होतं, तोच मुलगा उठला. त्याचे आजोबा गवंडी. त्याने कंपासपेटीतून चार पेन्सिली काढल्या आणि एकेका कोपऱ्यावर एकेक तिरकी ठेवली. चौकोनाचे कोपरे कापले गेले, अष्टकोन झाला. "आता बसेल," तो म्हणाला. करवंटी बसली. मी त्याला शाबासकी दिली आणि म्हटलं, चर्चमध्ये हे असंच केलंय का ते उद्या बघ.

तिथे तसं केलेलं नाही. सेंट कॅजेटनच्या मध्यभागी चार दणकट खांब आहेत, खांब कसले, भिंतीच. त्यांच्यावर चार कमानी. दोन कमानींच्या मधल्या कोपऱ्यातून दगडी बांधकाम वर चढता चढता पुढे झुकत येतं, खाली टोकदार आणि वर रुंद, उभं धरलेल्या सुपासारखं. अशी चार सुपं चार कोपऱ्यांतून निघतात आणि वर येऊन एकमेकांना भेटतात. भेटतात तिथे चौकोन संपलेला असतो, वर्तुळ तयार झालेलं असतं. त्या वर्तुळावर खिडक्यांचं गोल कडं आणि कड्यावर घुमट. सगळं वजन सुपांवरून घसरत चार खांबांत उतरतं. बघताना मात्र वजन जाणवतच नाही. खिडक्यांतून उजेड येतो आणि घुमट वरच्या वर तरंगल्यासारखा दिसतो.

वर बघून बघून मान अवघडते. म्हणून मी एक युक्ती केली होती. प्रत्येक मुलाला घरून छोटा आरसा आणायला सांगितला होता. पोटाशी आरसा आडवा धरायचा आणि खाली बघायचं. आरशात घुमट येतो, अख्खा, हातात धरल्यासारखा. पस्तीस मुलं पस्तीस घुमट हातात घेऊन शांतपणे उभी होती. चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या एक वयस्कर बाई उठून आल्या. मला वाटलं, आता रागावणार. त्यांनी एका मुलीच्या हातातला आरसा घेतला, बराच वेळ त्यात बघितलं आणि कोकणीत म्हणाल्या, "म्हजें अर्दें आयुश्य हांगा गेलें, आनी हांवें हें आजूच पळयलें." माझं अर्धं आयुष्य इथे गेलं आणि मी हे आजच पाहिलं.

घुमटाच्या बरोबर खाली, जमिनीवर, एक चौकोनी उंचवटा आहे. त्याच्याखाली विहीर आहे, आता झाकलेली. हे पूर्वीच्या देवळाचं तळं, असं कोणी म्हणतात. नदीकाठच्या ओलसर जमिनीत पाया स्थिर राहावा म्हणून बांधणाऱ्यांनी ठेवलेली ती सोय, असं दुसरे सांगतात. मी मुलांना दोन्ही सांगितलं. वर गोल आकाश आणि त्याच्या थेट खाली चौकोनी पाणी, ही जोडी चित्रकलेच्या कुठल्याही शिक्षिकेला वेड लावेल.

हे चर्च बांधलं थिएटाइन पंथाच्या पाद्र्यांनी. हे लोक पोर्तुगीज नव्हते, इटलीचे होते. पोप आठव्या अर्बनने त्यांना गोवळकोंड्याला पाठवलं होतं. तिथे त्यांना काम करू दिलं नाही म्हणून १६४० च्या सुमारास ते गोव्यात येऊन राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर रोमचं सेंट पीटर्स होतं, ज्याचा मायकेलअँजेलोने आखलेला घुमट १५९० साली पुरा झाला होता. त्यांनी त्या वास्तूची धाटणी घेतली, आकार फार लहान केला आणि आपल्या इथल्या मालात ती बांधली. १६५० च्या दशकाच्या मध्यावर काम सुरू झालं, १६६१ मध्ये संपलं.

आता ही वर्षं जरा मनात धरा. त्याच सुमारास, १६५६ साली, विजापुरात मुहंमद आदिलशहा वारला आणि गोल घुमटाखाली त्याचं दफन झालं. ज्या आदिलशाहीच्या वाड्याचं दार चर्चच्या आवारात उभं आहे तिच्याच राजधानीत, त्याच दशकात, जगातल्या मोठ्या घुमटांपैकी एक उभा राहिला होता. आणि त्याच १६५६ साली महाराजांनी जावळी घेतली. आपण शाळेत या गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत शिकतो. सेंट कॅजेटनच्या पायऱ्यांवर बसलं की त्या एका रेषेत येतात.

सेंट पीटर्सच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे ४२ मीटर, गोल घुमटाचा सुमारे ३८. विजापूरच्या कारागिरांपुढेही प्रश्न तोच होता, चौकोनावर गोल. त्यांनी काय केलं? एक चौकोन घेतला, त्यावर दुसरा चौकोन अर्धवट फिरवून ठेवला. आठ टोकांची चांदणी झाली. तुम्ही कागदावर काढून बघा, हात थांबवावासा वाटत नाही. त्या चांदणीच्या रेषांवर एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी उभ्या केल्या आणि कमानींनी मधोमध जागा करून दिली ती घुमटाला. शिवाय त्या कमानींच्या जडपणाने घुमटाचा बाहेरचा रेटा आत दाबून धरला. घुमट नुसता खाली दाबत नाही, तो कडेने बाहेरही ढकलतो. मऊ टोपली पालथी घालून वरून दाबा, काठ पसरतील. तो पसर थोपवणं ही अर्धी विद्या.

सुपांचं उत्तर रोमचं, चांदणीचं विजापूरचं. आणि पेन्सिलीचं उत्तर?

ते बघायला आम्ही त्याच दिवशी परतीच्या वाटेवर कवळ्याला उतरलो. शांतादुर्गेचं आजचं देऊळ शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने, १७३८ च्या सुमारास उभं राहिलं. फोंडा महाल तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता, तो त्यांच्याकडे गेला १७६३ नंतर. तरीही त्या देवळाचा गाभारा बाहेरून बघा. वर शिखर नाही, घुमट आहे. घुमटाखाली अष्टकोनी कडं, त्याला कमानीच्या खिडक्या, खिडक्यांच्या मध्ये भिंतीत अर्धे बुडालेले खांब, काठाला कठडा. असा खांब आणि असा कठडा आपण सकाळीच नदीच्या त्या बाजूला पाहून आलेलो असतो. आणि टोकाला क्रूस नव्हे, कळस. मंगेशीलाही तसंच. नार्व्याच्या सप्तकोटेश्वरावरही घुमट आहे, ज्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी केला.

तो गवंड्याचा नातू कवळ्याच्या अंगणात उभा राहून बोटाने बाजू मोजत होता. एक, दोन, तीन. आठ झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. काहीच बोलला नाही. मीही नाही.

मला वाटतं, नदीच्या दोन्ही काठांवर तेच हात काम करत होते. इटालियन पाद्री आराखडा काढत, पण चिरा तासणारा, चुना मळणारा, परांची बांधून उंच चढणारा इथलाच. त्याच्या हाताला जे एकदा कळलं ते त्याने देवाच्या कामाला लावलं, मग देव कुठलाही असो. मूर्ती लपवून पळालेल्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांनी देवळं बांधताना चर्चवरची खिडकी आवडली म्हणून घेतली, यात मला हार दिसत नाही. त्यात मोठं मन दिसतं, आणि कारागिराचा डोळा.

माल दोन्हींकडे एकच. जांभा चिरा आणि चुना. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, कोयत्याने तासता येईल इतका. वारा लागला की घट्ट होतो. पण त्याच्या अंगात छिद्रं असतात आणि आपला पाऊस तुम्हाला माहीत आहे. म्हणून त्याला चुन्याचा गिलावा लागतो. हा चुना डोंगरातला नाही, समुद्रातला. शिंपले भट्टीत भाजून केलेला. कवळ्याहून आणि जुन्या गोव्याहून परतताना मी नेहमी भिंतीजवळ जाऊन बघते. जुन्या गिलाव्याचा टवका उडालेला असेल तिथे चुन्यात शिंपल्याची एखादी न जळलेली कपची सापडते, नखाएवढी, आतून अजून चमकणारी. मुलांना मी ती दाखवते, काढू मात्र देत नाही.

गिलावा गेला की काय होतं, ते बासिलिकेवर दिसतं. १९५० च्या दशकात तिच्या बाहेरचा गिलावा काढून टाकला गेला, दगड जुना दिसावा म्हणून. पर्यटकांना तो लाल रंग आवडतो, तिचे फोटो तसेच निघतात. पण त्या पावसाळ्यापासून प्रत्येक पावसाळा तो चिरा थेट अंगावर झेलतो आहे. भिंतीवरून हात फिरवला की बोटांना लाल भुकटी लागते. माझ्या मते तिला पुन्हा पांढरं करावं. अनेकांना हे पटत नाही, मला ठाऊक आहे. पण बोटाला लागलेली भुकटी खोटं सांगत नाही.

आणि छताकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, ते पलीकडच्या टेकडीवर. संत ऑगस्टिनचं चर्च आणि मठ, १६०२ मध्ये पुरं झालेलं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथ बंद केल्यावर मठ ओस पडला. आपल्याकडे दर मे महिन्यात घर शाकारतात, एक पावसाळा चुकला की घरात पाणी. तिथे शाकारायला माणूसच राहिला नाही. सात वर्षांत, १८४२ साली, कमानदार छत कोसळलं. १९३१ साली दर्शनी भाग गेला. आज ४६ मीटर उंच मनोऱ्याचा अर्धा उभा आहे, बाकीचा आभाळाला उघडा. त्या मनोऱ्यातली घंटा पुढे पणजीच्या चर्चवर गेली, तिथल्या पायऱ्यांवरून आपण ती रोज बघतो. ऑगस्टिनच्या त्या उघड्या जमिनीवर उभं राहिलं की सेंट कॅजेटनचा घुमट साडेतीनशेहून अधिक पावसाळे काढून उभा आहे याचा अर्थ कळतो. कोणीतरी दरवर्षी वर चढत आलं आहे. भेग बुजवत आलं आहे, चुना लावत आलं आहे.

जायचं असेल तर सकाळी जा, नऊच्या आत. पूर्वेच्या खिडक्यांतून उजेड तिरका येतो तेव्हा सुपांच्या कडा स्पष्ट दिसतात. रविवारी प्रार्थना असते, त्या वेळी मागे बसा, आणि बसलातच तर डोळे मिटून ऐका. घुमटाखाली गायलेला स्वर थोडा उशिराने परत येतो. वडिलांचं घुमट मांडीवरून उतरलं त्यानंतर कितीतरी वर्षांनी, तिथे, मला तो आवाज पुन्हा ओळखीचा वाटला. आरसा बरोबर न्या.

परतताना दिवाडीच्या फेरीबोटीत बसा, बेटावर काम नसलं तरी. चालत चढणाऱ्याला तिकीट लागत नाही. वाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर उतरायचं, बोटीत मागच्या कठड्याला उभं राहायचं. धक्का सुटला की मागे बघा. आधी नुसते माड दिसतील. बोट नदीच्या मध्यावर आली की माडांच्या वर तो येईल.

नमस्कार.